बाथरूमच्या छतात संपलेला पाइप

संपादकांनी फोन करून सांगितलं, "भोईर, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं." मी हो म्हटलं आणि लिहायला बसलो. बसल्यावर कळलं की सांगण्यासारखी गंमत माझ्याकडे एकच आहे. ती सांगतो. पण त्यानंतर जे सांगणार आहे त्यात गंमत नाही, आणि ते सांगताना माझा आवाज चढेल. छापायचं नसेल तर कागद परत पाठवा, चुलीत घालीन.

मी घरात गॅस सोडणारा माणूस. अंबरनाथच्या आयटीआयमधून बाहेर पडलो तेव्हापासून हेच केलं. आधी उल्हासनगरात शेगड्या आणि गॅस गिझर बसवायचो, मग पाइपचा गॅस आला तेव्हा त्या कामावर गेलो. पाइप टाकणारे वेगळे, मीटर लावणारे वेगळे. सगळ्यांचं काम झाल्यावर शेवटी मी जायचो. पाइपला काचेची एक वाकडी नळी जोडायची, तिच्यात पाणी असतं. पाइपमध्ये हवा भरून बंद करायची आणि त्या पाण्याकडे बघत बसायचं. पाणी जागचं हललं नाही तर पाइप कुठे फुटलेला नाही. मग सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा येतो का बघायचं. मग पाइपातली हवा बाहेर काढून गॅस आत घ्यायचा, शेगडीची जेट, म्हणजे गॅस सुटायची बारीक तोंडं, बदलायची, कारण सिलेंडरचं जेट बारीक आणि पाइपच्या गॅसचं मोठं. शेवटी काडी लावायची. ज्योत निळी आणि शांत जळली की कागदावर सही करायची. त्या कागदाला आम्ही कमिशनिंग शीट म्हणतो. त्यावर खाली दोन सह्या असतात, एक ग्राहकाची आणि एक माझी. माझ्या सहीचा अर्थ एवढाच की या घरात आता माणसं बिनधास्त झोपू शकतात.

आता ती गंमत. उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात एका सिंधी घरात गिझर चालू करायला गेलो होतो. घरात सत्तरीच्या पुढची अम्मा, बाकी सगळे दुकानावर. मी सगळं तपासलं, गिझर चालू केला, गरम पाणी आलं. शीट पुढे केली तर अम्मा म्हणाली, "पुट," म्हणजे पोरा, "पहले तू नहा."

मी म्हटलं, "अम्मा, मैं घर से नहा के आया हूं."

"तो फिर नहा. तूने लगाया, तू पहले नहायेगा. तू जिंदा निकला तो मैं सही करूंगी."

आणि तिने खरंच हातात टॉवेल दिला. मी तिच्या बाथरूममध्ये कडी लावून आंघोळ केली. बाहेर आलो तर अम्मा दाराला टेकून उभी, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, सही केली आणि ताटात पापड नि गोड भात वाढला. घरी येऊन सांगितलं तर बायको दोन दिवस हसत होती.

हसायचं तेवढं झालं. ती अम्मा शहाणी होती. माझ्या अख्ख्या नोकरीत तिच्याएवढं शहाणं गिऱ्हाईक मला भेटलं नाही. बाकीच्यांना कागद हवा असतो.

बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत एक बिल्डिंग झाली. आठ मजली, नदीकडे तोंड. पूर येतो तेव्हा पाणी कुठपर्यंत चढतं हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण ते सोडा, मला त्याबद्दल बोलायचं नाही. बिल्डरने प्रत्येक फ्लॅटमध्ये, प्रत्येक बाथरूममध्ये गॅसचा गिझर फुकट दिला होता. माहितीपुस्तकात त्याचा मोठा फोटो होता. गॅस चालू करायचं काम आमच्या ठेकेदाराकडे आलं. ठेकेदार म्हणजे काशिनाथ, माझा सख्खा मावसभाऊ. त्यानेच मला त्याच्याकडे घेतलं होतं आणि त्याच्या सगळ्या कामांवर माझ्याच परवान्याचा नंबर जायचा.

गॅसच्या गिझरला काय लागतं ते साध्या शब्दांत सांगतो. तो शेगडीच्या कितीतरी पट जोरात जळतो. तेवढी त्याला हवा लागते. आणि जळल्यावर जो धूर होतो तो घराबाहेर जावा लागतो. म्हणून गिझर शक्यतो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या बाल्कनीत लावायचा. आतच लावायचा असेल तर धुराचा पाइप भिंतीतून बाहेर काढायचा आणि उघडी जाळी ठेवायची. नाही ठेवली तर कोंडलेल्या जागेतली हवा संपते, गॅस अर्धवट जळायला लागतो आणि एक विषारी वायू तयार होतो. लोक म्हणतात, वास आला तर आम्ही बंद करू. अहो, वास येतो तो न जळलेल्या गॅसचा, तो तर कंपनी मुद्दाम मिसळते, गळती कळावी म्हणून. या विषाला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. डोकं जड होतं, पाय लटपटतात आणि माणूस खाली बसतो. मग उठत नाही.

मांजर्लीतल्या त्या बिल्डिंगमध्ये पहिल्याच घरात मी वर बघितलं. बाथरूमला पांढऱ्या पट्ट्यांचं छान फॉल्स सीलिंग होतं. गिझरचा चकचकीत पाइप वर जाऊन त्या छतात शिरत होता. खालून बघणाऱ्याला वाटेल, काम चोख आहे. पण बाहेरच्या भिंतीवर कुठेच भोक दिसलं नव्हतं. मी स्टुलावर चढलो, एक पट्टी सरकवली, बॅटरी मारली. पाइप छताच्या वर वीतभर जाऊन संपला होता. तिथेच. कापलेल्या तोंडाने उघडा. आणि खिडकीला उघडझाप करणाऱ्या पट्ट्यांऐवजी कायमची काच बसवलेली.

खाली बिल्डरचा सुपरवायझर होता. त्याला विचारलं, पाइप बाहेर का नाही काढला?

तो म्हणाला, "बाहर से पाइप दिखेगा तो एलिव्हेशन खराब होता है. साहब ने मना किया."

एलिव्हेशन म्हणजे बिल्डिंगचा दर्शनी भाग. रस्त्यावरून बघणाऱ्याला भिंत सुंदर दिसावी म्हणून आत आंघोळ करणाऱ्याने विष घ्यायचं. आज लिहितानाही माझ्या कानशिलाशी रक्त उसळतंय.

मी सगळ्या घरांतला स्वयंपाकघराचा गॅस चालू केला. गिझर एकाही घरात चालू केला नाही. गिझरच्या नळीला टोपण लावलं आणि प्रत्येक शीटवर मराठीत लिहिलं, "धुराचा पाइप बाहेर काढलेला नाही. गिझर चालू केलेला नाही." खाली सही.

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. दारं धाडधाड उघडली. "आमच्याच बिल्डिंगला हे नियम का?" "अहो काका, माझ्या साडूकडे कल्याणला बाथरूममध्येच आहे, काय झालं त्याला?" एकाने तर खिशात हात घालून डोळा मारला. ज्याला नियम पाळायचाय त्याला हात ओले करून हवे असतात, असंच लोक धरून चालतात. इतकी सवय झाली आहे आपल्याला.

सोसायटीचे सेक्रेटरी होते परचुरे साहेब. दुसऱ्या मजल्यावर राहायचे. अंबरनाथच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात अधिकारी होते, निवृत्त झालेले. उंच, ताठ, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्यांची बायको वसुधाताई, शाळेत शिकवायच्या, त्याही निवृत्त. मुलगा बाहेरगावी. परचुऱ्यांनी मला घरी बोलावून घेतलं.

"भोईर, बिल्डरने फिटनेस सर्टिफिकेट दिलेलं आहे. तुम्ही कोण अडवणारे?"

मी म्हटलं, "साहेब, सर्टिफिकेट राहू द्या. स्टूल द्या."

स्टूल वसुधाताईंनी आणून दिलं. मी पट्टी काढली आणि साहेबांना म्हटलं, वर चढा आणि बघा. साहेब चढले नाहीत. म्हणाले, "मला त्यातलं कळत नाही, ते बघायला तज्ज्ञ असतात." पदर खोचून वसुधाताई चढल्या. माझ्या हातातली बॅटरी घेतली आणि बराच वेळ वर बघत राहिल्या.

"अहो, हा तर इथेच संपलाय," त्या म्हणाल्या. "मग धूर जातो कुठे?"

"जात नाही ताई. परत खाली येतो. तुमच्या डोक्यावर."

त्या खाली उतरल्या, हात पुसले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आत्ता नको हे. भिंतीला भोक पाडून घेऊ, मग करू."

"नवीन टाइल्स फोडायच्या?" साहेब म्हणाले. "एकाने फोडल्या की सगळे फोडणार. बिल्डरची गॅरंटी जाईल. तू यात पडू नकोस."

मी निघालो तेव्हा ताई मला दारापर्यंत सोडायला आल्या. हळूच म्हणाल्या, "भोईर, तुम्ही रागावू नका. यांना कागदाचं फार आहे."

दोन दिवसांत माझ्याविरुद्ध लेखी तक्रार गेली. गॅस कंपनीच्या ऑफिसात एक, काशिनाथकडे एक. खाली सेक्रेटरी म्हणून परचुऱ्यांची सही. मजकूर असा की सदर तंत्रज्ञ क्षुल्लक कारणे सांगून गिझर चालू करण्यास नकार देत आहे आणि रहिवाशांना विनाकारण घाबरवत आहे.

काशिनाथने मला बोलावलं. आम्ही दोघं एका ताटात जेवलेलो, एकमेकांशी गावच्याच बोलीत बोलतो, आणि रमाकांतचा मी त्याला रमा.

"रमा, कनाला नडतस?" तो म्हणाला. "बिल्डरची अजून तीन कामं हायत. भोकं पाडायचं काम आपलं नाय. आपण गॅस सोडाचा न निंगाचा."

"काशी, मानूस मरंल."

"आख्ख्या बदलापुरात बाथरूममदी गिझर हायत. कोन मरतंय?"

"मरतान. लोका बोलतान हार्ट अटॅक आला."

तो हसला. मी तिथल्या तिथे ओळखपत्र त्याच्या टेबलावर टाकलं आणि बाहेर पडलो. त्या दिवशी मला फार मोठं काही केल्यासारखं वाटलं होतं. आज वाटतं, ओळखपत्र टाकणं सोपं असतं. मी बाहेर पडलो म्हणजे माझे हात स्वच्छ राहिले, एवढंच. त्या घरांतल्या माणसांचं काय झालं त्याने? काशिनाथने दुसऱ्या माणसाकडून आठवड्यात सगळी टोपणं काढून घेतली हे मला कळलं होतं. मी कंपनीच्या ऑफिसात अर्ज दिला, पोच घ्यायचंही सुचलं नाही. उत्तर आलं नाही. मी दोनदा गेलो, साहेब जागेवर नव्हते. तिसऱ्यांदा गेलो नाही. माझी चूक इथून सुरू होते. मी तिसऱ्यांदा, दहाव्यांदा जायला हवं होतं. मी प्रत्येक दारावर कागद चिकटवायला हवा होता.

पावसाळ्यानंतर एकदा हेंद्रेपाड्याच्या बाजारात भाजी घेताना वसुधाताई भेटल्या. त्यांनीच हाक मारली.

"भोईर! काम सोडलंत म्हणे आमच्यामुळे?"

"तुमच्यामुळे नाही हो ताई. गिझर वापरता का?"

"वापरतो ना, चालू करून गेले ते. पण मी तुमचं ऐकलंय. मी आंघोळीला गेले की दार उघडं ठेवते. दारात बादली अडकवून ठेवते, म्हणजे ते लागत नाही. हे चिडतात, पण मी ऐकत नाही."

मला बरं वाटलं. मी म्हटलं, "बरं करता. वीतभर तरी उघडं असू द्या."

बस. एवढंच म्हणालो आणि मेथीची जुडी पिशवीत टाकून घरी आलो. हे वाक्य मी रोज ऐकतो. वीतभर तरी उघडं असू द्या. तीस वर्षं या धंद्यात काढलेला माणूस, ज्याला माहीत आहे की ती वस्तू एक दिवसही वापरता कामा नये, तो बाजारात उभा राहून बाईला बादलीचा उपाय मंजूर करतो. तेव्हा त्यांच्याबरोबर घरी जाऊन ते टोपण परत लावलं असतं तर? परचुऱ्यांनी फार तर पोलीस बोलावले असते. बोलावू देत.

डिसेंबरात, थंडी पडली तेव्हा, परचुऱ्यांकडे पाहुणे आले होते. वसुधाताईंची बहीण, तिचा नवरा, मुलगा, सून. अंबरनाथला कुणाचं तरी लग्न होतं. सकाळी सगळ्यांना तयार होऊन निघायचं होतं, म्हणून एकामागून एक आंघोळी. घर पाहुण्यांनी भरलेलं, कोण दार उघडं ठेवून आंघोळ करणार? प्रत्येकाने कडी लावली. गिझर थंड व्हायला वेळच मिळाला नाही. प्रत्येक माणसामागे आतली हवा खराब होत गेली. चौथ्या नंबरला बहिणीची सून गेली. ती बाहेर आली ती डोकं धरूनच, बेसिनवर उलटी केली. सगळ्यांना वाटलं प्रवासाने पित्त झालं. तिला सुंठ दिली.

शेवटी वसुधाताई गेल्या. घरातली बाई सगळ्यांच्या शेवटी आंघोळीला जाते, तशा. घरात परके पुरुष होते, म्हणून त्यांनी बादली बाजूला ठेवली आणि कडी लावली.

पाण्याचा आवाज येत राहिला, म्हणून कुणाला शंका आली नाही. दार फोडलं तेव्हा त्या भिंतीला टेकून बसलेल्या होत्या. चेहरा गुलाबी होता. त्या विषाने असाच होतो. बहीण म्हणत होती, बघा, रंग किती छान आहे, ती जिवंत आहे. हॉस्पिटलमध्ये नेलं, पण न्यायला काही उरलं नव्हतं.

ताई गेल्याचं मला कळलं ते पोलीस स्टेशनच्या फोनवर, बाकीचं परचुऱ्यांनी पुढे सांगितलं. "रमाकांत भोईर तुम्हीच का? येऊन जा." मी गेलो. टेबलावर परचुऱ्यांच्या फ्लॅटची कमिशनिंग शीट. गिझर सुस्थितीत, धुराची व्यवस्था योग्य, चालू केला. खाली तंत्रज्ञाचं नाव, रमाकांत भोईर. माझा परवाना नंबर. आणि सही.

मी लिहिलेली शीट गायब. तिच्या जागी हा नवा कागद. ज्या माणसाने टोपण काढलं त्याच्याकडे परवाना नव्हता, म्हणून काशिनाथने माझं नाव वापरलं. एका घराला नाही. बिल्डिंगच्या सगळ्या घरांना.

"ही सही तुमची?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"साहेब, ही इंग्रजीत आहे. मी जन्मात इंग्रजीत सही केलेली नाही. बँकेत विचारा."

काशिनाथ बाजूच्या बाकावर बसला होता. तो उठून माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "रमा, घरातलं हाय, घरात मिटवू. तू बोल की सही तुझी हाय, वकील मी लावतू. तुना काय होनार नाय."

माझा हात उठला. हवालदाराने मनगट धरलं म्हणून तो काशिनाथच्या गालावर पडला नाही. मला त्याचं आजही वाईट वाटतं, हवालदाराने धरलं याचं.

तेवढ्यात परचुरे आत आले. तेराव्याला दोन दिवस होते. डोकं सफाचट, खिशाला एकही पेन नाही. मला वाटलं आता हा माणूस माझ्याकडे बोट दाखवणार. त्याला तसं करणं सोपं होतं. गिझर लावणारा एक गुन्हेगार मिळाला की घरात काय बोलणं झालं होतं ते कुणाला सांगावं लागत नाही. त्या बोलण्याला साक्षीदार तीनच होते. त्यातली एक गेली होती आणि दुसऱ्याला सगळे गुन्हेगार म्हणत होते.

इन्स्पेक्टरने त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"गिझर यांनी चालू केला का?"

"नाही," परचुरे म्हणाले. "यांनी नकार दिला होता. यांनी आम्हाला पाइप दाखवला. म्हणजे माझ्या बायकोला दाखवला. मी स्टुलावर चढलो नाही."

"काही पुरावा आहे का?"

परचुऱ्यांनी पिशवीतून एक कागद काढला. "मी यांच्याविरुद्ध लेखी तक्रार केली होती. हे गिझर चालू करायला तयार नाहीत, अशी. ही तिची प्रत. कंपनीचा शिक्का आहे. हा कागद जोडून घ्या."

माझी नोकरी ज्या कागदाने घालवली होती, त्या कागदाने मला वाचवलं. परचुरे माझ्याकडे न बघता म्हणाले, "चाळीस वर्षं कारखान्यात मी कागद बाजूला ठेवून माल तपासला, भोईर. स्वतःच्या घरी आलो आणि कागद तपासला."

मला त्या माणसाची दया यायला हवी होती. नाही आली. मला इतका राग आला होता की मी तसाच बाहेर येऊन पायरीवर बसलो. थोड्या वेळाने तेही येऊन बाजूला बसले. म्हणाले, "बाकीच्या घरांचं काय?"

त्या प्रश्नाने मला उठवलं.

सोसायटीची मीटिंग बोलावली. तुम्हाला वाटेल, आता तरी लोक धावत येऊन म्हणतील की आमचे गिझर काढा. पहिला प्रश्न काय आला सांगतो. "हे पेपरात येणार नाही ना? आमचा फ्लॅट विकायला काढलाय." दुसरा म्हणाला, "ताईंना आधीपासून बीपी होता ना?" परचुरे समोर बसले होते. त्या माणसाने त्यांच्या तोंडावर विचारलं.

मग तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी उठली, सात महिन्यांची गरोदर. म्हणाली, "मला महिनाभर आंघोळ झाल्यावर चक्कर येते. डॉक्टर म्हणाले दिवस गेलेत म्हणून होतं. काका, आमचा गिझर आत्ताच्या आत्ता बंद करा." ती रडायला लागली. मग एकेक बाई बोलायला लागली. कुणाचं डोकं दुखायचं, कुणाचं पोर आंघोळीनंतर झोपून जायचं. घराघरात हे चाललेलं होतं आणि प्रत्येक घराने त्याला वेगळं नाव दिलं होतं, पित्त, अशक्तपणा, बीपी.

मीटिंग संपल्याबरोबर मी पाना घेऊन निघालो आणि सगळे गिझर बंद केले. नंतर दीड महिना भिंतींना भोकं पाडून गिझर बाल्कनीत हलवले. एलिव्हेशन पार खराब केलं. आज मांजर्लीच्या रस्त्याने जाताना त्या बिल्डिंगच्या भिंतीवर ओळीने पाइप दिसतात. फार सुंदर दिसतात.

काशिनाथवर केस झाली. चालू आहे. त्याने आता बायकोच्या नावाने ठेका घेतला आहे. आमच्या घरच्यांचं म्हणणं मीच भावाला कोर्टात खेचलं. मावशीच्या घरचं पाणी मी पीत नाही. बिल्डर केसमध्ये कुठेच अडकला नाही, कारण त्याने म्हणे गिझर फक्त "भेट" दिले होते, बसवले दुसऱ्याने.

या वर्षी त्याच बिल्डरची नवी बिल्डिंग बदलापूर पूर्वेला कात्रपमध्ये उभी राहिली. लोक राहायला आले. मला कुणी बोलावलं नव्हतं. परचुऱ्यांचा फोन आला, "भोईर, रिकामे आहात का?" आम्ही दोघं गेलो. वॉचमनने अडवलं तर परचुरे म्हणाले, "चौथ्या मजल्यावर नातेवाईक आहेत." आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो असं नंतर सांगत होते. जे पहिलं दार उघडलं ते एका तरुण जोडप्याचं. आम्ही कोण, कशाला आलो ते सांगितलं. नवरा कुरकुरला, पण बायकोने आत घेतलं.

बाथरूमला पांढऱ्या पट्ट्यांचं फॉल्स सीलिंग. मी स्टूल मागितलं. परचुरे म्हणाले, "मी चढतो." गुडघे दुखतात त्यांचे, पण चढले. पट्टी सरकवली, बॅटरी मारली.

पाइप इथेही छताच्या वर वीतभर जाऊन संपला होता. मग त्या माणसाने, ज्याने मला कधी अरे म्हटलं नव्हतं, स्टुलावर उभं राहून बिल्डरला अशा शिव्या दिल्या की मी तोंडात बोट घातलं. त्या मी इथे लिहू शकत नाही. आवाज जिन्यातून वरखाली गेला. दारं उघडली. कोण भांडतंय म्हणून शेजारी आले, वरचे आले, खालचे आले. परचुरे उतरले नाहीत. येईल त्याला म्हणत होते, "चढा. तुम्ही स्वतः बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, यांच्यावर ठेवू नका, स्वतः चढा." आणि एकेकाला हाताला धरून स्टुलावर चढवत होते.

मी त्या मजल्यावरच्या चारही घरांचे गिझर बंद केले. शेवटच्या घरातली बाई कंबरेवर हात ठेवून उभी होती. वैतागून म्हणाली, "अहो आजोबा, मग आम्ही आंघोळ कशी करायची थंडीत?"

परचुरे म्हणाले, "शेगडीवर पातेलं ठेवा, बादलीत ओता आणि करा आंघोळ. रोज करा. पण बाहेर या."